पातळ तळाचे बूट, यवतेश्वरचा उतार आणि चवड्यावरचं दुखणं: हाड की शीर?

माहुलीकर

आमच्या सकाळच्या गटातल्या एका गड्याची केस त्याला विचारून इथे मांडतोय. वय ३४, वजन ७२ किलो, आठवड्याला ४० किमी पळायची जुनी सवय. बूट नेहमीचे, जाड टाचेचे, १० मिमी ड्रॉपवाले (म्हणजे टाच चवड्यापेक्षा १० मिमी उंच). ते बाजूला ठेवून शून्य ड्रॉपचे, अगदी पातळ तळाचे बूट घेतले. किलोमीटर मात्र तेवढेच ठेवले. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, नंतर मोकळ्या झाल्या. चौथ्या आठवड्यात साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट उतरताना उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे दुखायला लागलं.

आत्ताची परिस्थिती अशी: सकाळी उठताना बरं असतं, दिवसभर चालून संध्याकाळी वाढतं. पावलावर किंचित सूज आहे. एक्स-रे 'नॉर्मल' आला. पाच दिवस डायक्लोफिनॅक आणि क्रेप बँडेज झालं, दुखणं गेलं, म्हणून ६ किमी पळून पाहिलं तर परत तेच.

सातारा हिल हाफला (घाटातली २१ किमीची शर्यत) नाव नोंदवलंय, हातात सात आठवडे आहेत. प्रश्न तीन. हे स्नायूचं किंवा शिरेचं (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) आहे की हाडाचं? एक्स-रे साफ असताना एमआरआयचा खर्च करायचा का? आणि ते बूट कायमचे माळ्यावर टाकायचे का?

बोगद्याच्या_पलीकडे

बूट विकून टाका आणि मोकळे व्हा. अनवाणी पळल्यासारखं वाटावं म्हणून पातळ बूट घालायचं फॅड आहे नुसतं.

चवडा_टाच

फॅड वगैरे नंतर बघू, आधी पाय बघू.

माहुलीकर, त्यांना खुर्चीवर बसवा, उजवा पाय डाव्या मांडीवर घ्यायला सांगा. पावलाच्या वरच्या बाजूने प्रत्येक बोटाच्या मागचं लांब हाड अंगठ्याच्या टोकाने चाचपत जायचं, बोटाच्या मुळापासून घोट्याकडे, एकेक सेंटीमीटर. पाचही हाडं, दोन्ही पाय. डावा पाय तुलनेसाठी. सगळीकडे थोडं-थोडं दुखतंय आणि नक्की कुठे ते सांगता येत नाही, असं असेल तर मऊ भागाचं असण्याची शक्यता जास्त. पण एकाच हाडावर नाण्याएवढ्या जागेत दाबल्यावर माणूस पाय मागे ओढत असेल, तर ते हाड आहे असं धरूनच चालायचं, जोवर कुणी उलट सिद्ध करत नाही.

दुसरी खूण दुखण्याच्या चालीची. शीर दुखावलेली असेल तर सुरुवातीला दुखतं, पाय गरम झाला की कमी होतं. हाडाचं उलट असतं, जितकं पळाल तितकं वाढत जातं आणि पुढे पुढे रात्री पडल्यावरही ठणकतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी हाडाचाच वास येतोय.

एका पायावर उड्या मारून बघू नका. इंटरनेटवर ही चाचणी सर्रास सांगतात, पण संशय दाट असताना उडी मारणं म्हणजे अर्धवट चिरलेलं हाड पुरतं मोडायला आमंत्रण.

लेस_सैल_करा

वरच्या मताशी सहमत, तरी एक शक्यता आधी बाद करून घ्या. बोटं वर उचलणाऱ्या शिरा पावलाच्या वरून जातात, आणि पातळ बूट घट्ट बसावा म्हणून लोक लेस करकचून आवळतात. मग त्या शिरा लेसखाली घासून सुजतात. ओळखायचं असं: पायाची बोटं वर ताणायला सांगा आणि आपल्या हाताने ती खाली दाबा. या जोरात दुखलं, आणि दुखणं हाडावर न राहता लांब दोरीसारखं पसरलं, तर शीर. कधी कधी हाताला करकर लागते. अशा वेळी दुखऱ्या जागेवरच्या एका जोडीच्या भोकांतून लेस काढून टाकायची, ती जोडी रिकामी ठेवून पुढे ओवायची. आठवडाभरात फरक कळतो.

तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधे जळजळ, मुंग्या, बुटात खडा असल्यासारखं वाटणं, हे निराळं. ती नस दबलेली असते. चवडा दोन्ही बाजूंनी मुठीत दाबला की कळ येते. त्याचा इथे संबंध दिसत नाही.

माहुलीकर

दाबून पाहिलं. तिसऱ्या बोटाच्या मागच्या हाडावर, साधारण मध्यावर, एकच जागा. गड्याने शिवी हासडली. बोटं वर ताणून काही नाही.

पण मग एक्स-रे कसा काय साफ?

चवडा_टाच

एक्स-रेत दिसते ती चीर तरी किंवा ती भरताना तयार झालेलं नवं हाड तरी. ताणाने होणाऱ्या फ्रॅक्चरची चीर केसापेक्षा बारीक असते, आणि नवं हाड एक्स-रेवर उठायला दोन ते तीन आठवडे लागतात, कधी जास्तच. पहिल्या आठवड्यातला साफ एक्स-रे म्हणजे 'मोडून सरकलेलं नाही' एवढंच. एमआरआयमध्ये चीर पडण्याच्या आधीची अवस्थाही दिसते, हाडाच्या आतल्या मगजात पाणी साठलेलं असतं ती.

खर्चाचं म्हणाल तर हिशेब जागेवर आहे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या बोटामागच्या हाडाचा मधला दांडा हे भरून येणारं हाड. तिथे काही डॉक्टर एमआरआय न काढता 'फ्रॅक्चर आहे' असं समजूनच उपचार करतात आणि तीन आठवड्यांनी एक्स-रे परत काढतात. ते चूक नाही. पण दाबल्यावर दुखणारी जागा यांपैकी कुठे असेल तर पैशाकडे बघू नका: करंगळीमागच्या हाडाचं घोट्याकडचं टोक, दुसऱ्या बोटामागच्या हाडाचं घोट्याकडचं टोक, अंगठ्याच्या मुळाखालच्या दोन वाटाण्याएवढ्या हाडांची जागा, आणि पावलाच्या कमानीच्या माथ्यावर घोट्याच्या थोडं पुढे असलेलं नॅव्हिक्युलर. या जागा हट्टी. रक्तपुरवठा तोकडा किंवा ओढ जास्त. चुकल्या तर स्क्रू घालायची वेळ येते.

आणि ते डायक्लोफिनॅक बंद करा. दुखणं हा इथे एकमेव मीटर आहे, तोच बंद करून ६ किमी पळवलंत. हाड भरण्याच्या दिवसांत या जातीच्या गोळ्या शक्यतो टाळतात, अगदीच लागली तर पॅरासिटामॉल. तीही डॉक्टरांना विचारून.

अजिंक्य_उतार

बूट विका म्हणणाऱ्यांसाठी: १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी मॅरेथॉन जिंकली होती. २ तास १५ मिनिटं १६ सेकंद.

बोगद्याच्या_पलीकडे

आणि १९६४ साली टोकियोत बूट घालून जिंकली. पुढे?

अजिंक्य_उतार

बरं, बिकिला सोडा. २०१० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहानपणापासून अनवाणी पळणारे लोक बहुतेक चवड्यावर उतरतात, आणि त्यामुळे टाच आपटण्याचा जो पहिला तीक्ष्ण दणका असतो तो जवळपास नाहीसा होतो. गुडघ्यांवरचा भारही कमी होतो. हे खोटं आहे का?

मुरमाचा_रस्ता

खोटं नाही, अर्धं आहे. दणका नाहीसा होतो, भार नाही. तो गुडघ्यावरून निघून पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि चवड्याच्या हाडांवर येतो. टाचेचं हाड ठोकळ्यासारखं आहे, खाली चरबीची गादी आहे. चवड्यामागची हाडं पेन्सिलएवढी. त्यातलं दुसरं बहुतेकांचं सर्वांत लांब आणि मुळाशी शेजारच्या हाडांमध्ये पाचरीसारखं अडकलेलं, त्यामुळे प्रत्येक पावलाला वाकतं ते तेच आणि त्याच्या शेजारचं तिसरं. पूर्वी लांब कवायतीनंतर सैनिकांना हेच व्हायचं, म्हणून याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात.

आकडा करून बघा. किलोमीटरला ६ मिनिटांच्या चालीने एक पाऊल साधारण एक मीटरचं. ४० किमी म्हणजे ४० हजार पावलं, एका पायाला २० हजार. काल टाचेवर पडणारे २० हजार ठोके आज चवड्यावर. बूट बदलला त्याच आठवड्यात.

आता मुख्य गोम. हाडावर नवा ताण आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरायचं काम जेमतेम तीन आठवड्यांत होतं, भरायला जवळजवळ तीन महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हाड सुरुवातीपेक्षा कमजोर असतं. आणि नेमकं त्याच वेळी पोटऱ्या सुटलेल्या असतात, दम भरपूर असतो, माणूस म्हणतो 'जमलं बुवा' आणि घाटाला लागतो. माहुलीकरांच्या गड्याचा चौथा आठवडा त्या हिशेबात तंतोतंत बसतो. नवशिक्याचा दम बहुधा २ किमीलाच संपतो. अशा बुटांचा फटका मुरलेल्या धावकालाही बसतो.

लीबरमन यांनी पाहिलेले लोक पाळण्यातून उतरल्यापासून अनवाणी होते. त्यांची हाडं वीस वर्षांत तयार झाली. आपण कुरिअरने आलेल्या बुटाकडून ते काम महिन्यात मागतो.

सारा_रिज_वाचलेली

यावर थेट प्रयोग झालाय. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातला, २०१३ साली प्रसिद्ध. ३६ अनुभवी धावक. त्यातल्या १९ जणांना १० आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या बुटांवर (पातळ तळाचे, प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले) आणलं, बाकीचे आपल्या नेहमीच्या बुटांत. आधी आणि नंतर पायांचे एमआरआय. १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत मगजातलं पाणी वाढलेलं होतं. दुसऱ्या गटात तसं फारसं नाही. लक्षात घ्या, हे 'हळूहळू' करूनही. १० आठवडे कमी पडले.

त्या पाच बोटांच्या बुटांच्या कंपनीने, व्हिब्रमने, पाय मजबूत होतात वगैरे दाव्यांवरून झालेला खटला २०१४ साली ३७.५ लाख डॉलर देऊन मिटवला. चूक मान्य न करता, अर्थात.

अजिंक्य_उतार

मान्य, पण बुटाचा दोष नाही, घाईचा आहे. आणि तंत्राचा. बहुतेक लोक 'चवड्यावर उतरा' ऐकून नाचणारीसारखे बोटांवर पळतात आणि टाच टेकवतच नाहीत. चवड्याची बाहेरची कड आधी टेकली पाहिजे आणि लगेच टाचही हलकेच टेकली पाहिजे. टाच अधांतरी राहिली की पोटरी एक क्षण सुटत नाही आणि चवड्याची हाडं सलग वाकलेली राहतात.

पाऊल पुढे फेकू नका. मोबाइलवर मेट्रोनोम (टिकटिक करून ताल देणारं ॲप) लावा, मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा आणि ५ टक्के वाढवा. १६४ असतील तर १७२. एकदम १८० चा हट्ट नको. पाय आपोआप शरीराखाली पडतो. रस्त्यावर फटक-फटक आवाज येत असेल तर तंत्र चुकतंय. पातळ बूट घालून पूर्वीसारखं टाचेवर आपटणं तर सगळ्यात वाईट, ना गादी ना स्प्रिंग.

गोडोलीची_पायवाट

घाटाबद्दल कुणी बोलेना. बोगद्याकडून यवतेश्वर चढताना चवड्यावर पळणं आपोआप होतं, पोटऱ्या भरतात, पण आपटणं कमी असतं. उतरताना प्रत्येक पावलाला सगळ्या अंगाचा ब्रेक लागतो, आणि पातळ बुटात चवड्यावर उतरणारा तो ब्रेक चवड्याच्या हाडांनी लावतो. वळणावर आतल्या बाजूला डांबर उखडून खडी वर आलेली असते. पातळ तळातून एक टोकदार खडी नेमकी हाडाखाली आली की झालं.

घाटाचा सराव करायचाच तर चढ पळा आणि उतरताना कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून या. लाज वाटायचं कारण नाही. पातळ बुटात उतार हा सगळ्यात शेवटचा धडा, सहा महिन्यांनंतरचा.

सुरुवातीला शाहू स्टेडियम किंवा गुळगुळीत सपाट डांबर. गवत मऊ म्हणून बरं वाटतं, पण मऊ जागेवर चुकीचं पाऊल लपतं आणि काटा दिसत नाही. पावसाळ्यात 'चार भिंती' या टेकडीवरच्या जागेच्या वाटेवर शेवाळ असतं, तिकडे पातळ तळ वापरू नका. पूर्ण अनवाणी जाणाऱ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर आहे ना बघा. मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी तर हा नाद करूच नये.

माहुलीकर

एमआरआय झाला. तिसऱ्या मेटाटार्सलच्या (तिसऱ्या बोटामागचं तेच लांब हाड) दांड्यात सूज आहे, चीर दिसत नाही. डॉक्टरांनी कडक तळाचा वॉकर बूट चार आठवडे सांगितलाय. घरात काढला तर चालेल का? आणि दम टिकवायला काय करू द्यायचं?

चवडा_टाच

नशीबवान आहे, चीर पडायच्या आत सापडलं.

घरात काढायचा नाही. फरशीवर अनवाणी चालणं हा तोच ताण आहे ज्याने हे झालं. झोपताना आणि अंघोळीला काढा. बुटाचं काम एकच, चालताना चवडा वाकू द्यायचा नाही. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घाला, नाहीतर दोन्ही पायांची उंची कमीजास्त होऊन कंबर धरते. बूट घालूनही लंगडावं लागत असेल तर डॉक्टरांना सांगा, काही दिवस कुबडी लागेल.

दमासाठी पोहणं चालेल, फक्त भिंतीला लाथ मारून वळू नका. कमरेला फ्लोट बांधून खोल पाण्यात, तळाला पाय न टेकता पळणं उत्तम. सायकल दोन आठवड्यांनी, दुखत नसेल तर, आणि पेडल चवड्याखाली न ठेवता टाचेच्या पुढे कमानीखाली. उभं राहून पेडल मारायचं नाही.

रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासा. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर डोस देतील, मनाने साठ हजारी (६० हजार युनिटच्या) पुड्या चालू करू नका. कॅल्शियम रोज १००० मिग्रॅ मिळायला हवं, दूध-दही, नाचणी, तीळ यांत निघतं.

राजवाडा_चौपाटी

कंदी पेढ्यात पण कॅल्शियम असतंय की. रोज चार सुरू करा.

चवडा_टाच

पेढ्याने कॅल्शियमपेक्षा वजन आधी वाढेल, आणि ते चवड्यालाच उचलायचंय.

पहाटवारा

धागा वाचणाऱ्या मुलींसाठी: पळणं वाढवल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली असेल, तर हाड दुखायची वाट पाहू नका. खाणं खर्चाला पुरत नसल्याची ती पहिली खूण असते, आणि अशा हाडाला कुठलाही बूट वाचवत नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग फिजिओ. मुलांमध्येही कमी खाऊन जास्त पळण्याने हेच होतं, फक्त पाळीसारखी उघड खूण नसते.

मुरमाचा_रस्ता

परत पळण्याबद्दल लिहितो, कारण पुढची चूक तिथेच होते.

वॉकर बूट सुटला म्हणजे पळायला लागायचं नसतं. आधी ती जागा अंगठ्याने जोरात दाबून शून्य दुखलं पाहिजे. मग जुन्या जाड बुटात सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालणं, सलग आठवडाभर, दुसऱ्या दिवशीही दुखता कामा नये. मग पायरीच्या कडेला एका पायावर टाच वर-खाली, सलग २०. हे जमलं की एका पायावर १० छोट्या उड्या. त्याही जमल्या तर पळणं.

सुरुवात: १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. एक दिवसाआड. पुढच्या आठवड्यात २ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं. स्नायू भरले तर चालतं, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं काही दुखलं तर त्याच क्षणी थांबून घरी, आणि एक पायरी मागे. सलग अर्धा तास यायला पाच-सहा आठवडे धरा.

बरोबरीने पायाचं काम. टाच वर-खाली १५ चे तीन संच गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा वाकवून, कारण दोन्हीत पोटरीचे वेगवेगळे स्नायू लागतात. मग बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलायची, १० सेकंद धरायची, दहा वेळा. पहिल्यांदा जमत नाही, पायात गोळा येतो. येऊ दे.

पातळ बूट माळ्यावर टाका, फेकू नका. तीन महिने विनातक्रार पळून झाले की मधला टप्पा, ४ ते ६ मिमी ड्रॉपचा बूट. तो अंगवळणी पडला की पातळ बूट, आधी दोन आठवडे फक्त बाजारहाट आणि चालायला. मग आठवड्यातून दोनदा, पळण्याच्या सुरुवातीला १ किमी, नंतर बूट बदलून उरलेलं जुन्या बुटात. आठवड्याला फार तर अर्धा किलोमीटर वाढ, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही, आणि दर चौथ्या आठवड्यात वाढ बंद. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मोह झाला तरी हात आखडता.

माहुलीकर

फार उपयोगी पडलं सगळं. आता हिल हाफचं काय? गडी म्हणतोय, पळत नाही, चालत पूर्ण करतो.

गोडोलीची_पायवाट

२१ किमी, त्यातला अर्धा उतार. सात आठवड्यांपैकी चार बुटात, मग एक नुसता चालायचा. उरले दोन, त्यात तो १-२ मिनिटांच्या तुकड्यांवर असेल. चालत गेला तरी २१ किमीचा उतार-चढ त्या हाडाला झेपणार नाही, आणि शेजारून लोक पळायला लागले की तो चालत राहणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. यंदा पाणी वाटायला उभा करा.

माहुलीकर

सांगतो. शेवटचं एक: नोकरी एमआयडीसीत आहे, रोज मोटरसायकलने जातो. वॉकर बूट घालून चालवली तर?

चवडा_टाच

नाही. पाय उजवा आहे, मागचा ब्रेक त्याच पायाचा. बूट घालून ब्रेकचा अंदाज येत नाही, आणि बूट काढून दाबला तर भार थेट चवड्यावर. चारचाकीचंही तेच. चार आठवडे कुणाच्या तरी मागे बसून जा, नाहीतर एसटी. मागे बसतानाही उजवा पाय फूटरेस्टवर कमानीखाली टेकवायचा, चवड्यावर नाही, आणि उतरताना आधी डावा पाय जमिनीला.